शेजारच्या झाडाचं पाणी

कमळ, तुझा चमचा आता माझ्याकडे नाही. कुणाकडे आहे ते सांगणार आहे, पण क्रमाने सांगू दे. मी मधूनच सुरुवात केली की तू तळहात पुढे करायचीस आणि म्हणायचीस, "ओ बाई, गाडी डेपोतून काढा." तर डेपोतून काढते. तुला आता कसली घाई नसावी. मला मात्र आहे.

तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. अंबरनाथला शेडवर जाते, भाजायचा ड्रम पेटवते, कॉफी न घालताच बंद करते. घरी येते, ओट्यापाशी उभी राहते, कशाला आले होते ते विसरते. घरातले म्हणतात, सुनंदा, जरा बस, दम खा. बसले की तुझ्याशी भांडण सुरू होतं आणि तू उत्तर देत नाहीस, तेच मला सोसत नाही. जिवंत होतीस तोवर एकदाही मला शेवटचा शब्द घेऊ दिला नाहीस. आता सगळे शब्द माझेच आहेत आणि मला त्यांचा वैताग आलाय. तरी आज बसले आहे. भांडायलाच बसले आहे.

कात्रपच्या नाक्यावर तू जांभळं घेऊन बसायचीस तिथून सुरुवात करते. डोंगराची जांभळं म्हणून तिथे कोणीही काहीही विकायचं, पण तुझी खरी होती, खाल्ली की जीभ संध्याकाळपर्यंत जांभळी. एकदा वाट्यांच्या बाजूला तू प्लास्टिकची पिशवी ठेवली होतीस. आत काळी, वाळकी, सुरकुतलेली फळं. मी विचारलं, हे काय?

"कॉफी हाय म्हनतात. आमच्या पाड्यावर जांभळीखाली झाडं हायत. योजनेवाले लावून गेले नि परत आलेच नाय. तुमच्या इथं कोन घेतं का?"

"तुम्ही नाही पीत?"

"एकदा केली व्हती. म्हातारा बोलला, औषध हाय तर दुखणं कुठलं ते तरी सांगा."

मी तेव्हा एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. दिवसभर वास घ्यायचा, चव घ्यायची आणि पास की नापास ते लिहायचं, एवढं माझं काम. ती पिशवी मी जांभळांबरोबर घरी नेली, सालं सोलली आणि बिया कढईत भाजल्या. आख्ख्या मजल्यावर धूर. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, म्हणाले, मॅडम, वायरिंग जळतंय का? त्या धुरात बसून मी पहिला कप प्यायले. मातकट, कडूजहर आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, जांभळाच्या बीचा तुरटपणा. मला रात्रभर तो तुरटपणा जिभेवरून हलवता येईना. दुसऱ्या दिवशी नाक्यावर आले तर तू आधी माझ्याकडे खालून वर बघून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे मेलं नाय कोन."

मग कारखाना बंद पडला. मी घरी बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला तेच रडगाणं. सगळे म्हणायचे, बघू, काहीतरी होईल. तू एकटी म्हणालीस, "कारखाना बंद पडला, तुमचं नाक तर बंद पडलं नाय ना?" त्या वाक्यावर मी उठले, कमळ. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते डोक्यावर घेऊन नाचली असतीस. आज सांगते. त्या वाक्यावर उठले.

उल्हासनगरला आपण जुनी यंत्रं जुळवून देणाऱ्या लछूअंकलकडे गेलो होतो. चणे भाजायच्या ड्रमला मोटर बसवून दे म्हटलं. तो म्हणाला, "साईं, चना डालो, मूंगफली डालो, कॉफी डालो, ड्रम तो गोल ही घूमेगा." तू त्याच्याशी ठाकरांच्या बोलीत भाव करत होतीस आणि तो तुझ्याशी सिंधीत, आणि तुमचं बरोबर जमलं. मी मध्ये उभी राहून नुसती मान हलवत होते. परत येताना तू म्हणालीस, तुम्ही शिकलेली माणसं भाव करताना हसता, तिथंच मार खाता.

पाड्यावरच्या कॉफीवाल्यांची संस्था उभी करताना मात्र नाकी नऊ आले. ठाकरांचा पाडा, घराघरांत भावकी आणि भावकीतली भांडणं. सेंद्रिय म्हणून शिक्का हवा तर सगळ्यांनी मिळून एकमेकांची झाडं तपासायची, एकानेही रासायनिक खत किंवा औषध वापरलं तर सगळ्यांचा माल नापास. न्याय्य व्यापाराचा दुसरा शिक्का हवा तर आपली संस्था, आपली सभा आणि मालाला जे जादा पैसे मिळतील त्यांचं काय करायचं तेही सभेनेच ठरवायचं. तुम्ही टाकी बांधायची ठरवलीत, बंधाऱ्याच्या वर, निम्म्या चढावर. ती भरायला डिझेलचा पंप लागतो आणि तो चालायचा फक्त एका कामासाठी. फुलांच्या पाण्यासाठी.

तिकडे कॉफीच्या मुलखात म्हणे फुलं यायच्या वेळेला एक पाऊस पडतो, त्या सरीने कळ्या एकदम उमलतात. आपल्याकडे शिमग्याला कसला पाऊस? जांभूळ गावातून कारखान्यांना मोठमोठ्या नळांनी पाणी जातं आणि आपल्या झाडांना हंड्याने. सुरुवातीला ज्याला जसं जमेल तसं त्याने आपापल्या झाडाला घातलं. फुलं आली, पण आज या घरापुढे, आठवड्याने त्या घरापुढे. फळ धरेना. मग तो शेतीखात्यातला माणूस आला आणि त्याने सांगितलं, ही रोबस्टा जात आहे, हिला स्वतःच्या फुलातली पूड चालत नाही. शेजारचं वेगळं झाड त्याच दिवशी फुललेलं हवं, तरच फळ. तू फस्सकन हसलीस आणि म्हणालीस, "म्हंजे झाडांनी आपल्या आदी सोसायटी काडली."

टोपलीचा नेम तुझाच. होळी झाली की जांभळीखाली टोपली ठेवायची, वर फडकं. प्रत्येक घराने आपली एक वस्तू आत टाकायची. कुणाचं खुरपं, कुणाची बांगडी, लहानूदादाची तंबाखूची चंची. मग एकेकाने फडक्याखाली हात घालून एक वस्तू काढायची. ज्या घराची वस्तू हातात आली, त्या घराच्या झाडांना त्याने त्याच दिवशी पाणी घालायचं. आपल्या झाडाला आपण घालायचं नाही. आपली निघाली तर परत टाकायची. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "आपल्या झाडाला घालताना हात सैल सुटतो, दुसऱ्याच्या झाडाला आखडतो. सगळेच दुसऱ्याचे झाले की हात सारखे." आणि आठवड्याभरात फुलं आली की ज्याने पाणी घातलं त्याने ती वस्तू घरी नेऊन परत द्यायची. फूल आल्याशिवाय वस्तू परत नाही. त्या आठवड्यात पाड्यावर निम्म्या लोकांकडे खुरपी नसायची, कुणी कुणाला विळा मागायला गेलं की हशा. चंची नसल्यामुळे लहानूदादा तर आठवडाभर सगळ्यांवर डाफरत असायचा.

तुझी वस्तू म्हणजे तो चमचा. चव घ्यायला लॅबमध्ये वापरतात तसला गोल, खोलगट, मीच तुला दिलेला. कॉफी चाखायला तू त्याच चमच्यावर शिकलीस, सुर्र करून ओढायची, तोंडभर फिरवायची आणि थुंकायची. थुंकण्याचा भाग तुला फार आवडायचा. "एवढी मेहनत करायची नि थुकायची. शेरातली लोकं." प्यायला मात्र शेवटपर्यंत तुला गुळाचा चहाच लागला. घरी तो चमचा तू कालवणाचं मीठ बघायला वापरायचीस, हेही मला ठाऊक होतं.

लहानूदादाचं आणि तुझं का बिनसलं ते इथेच सांगावं लागेल. झाडांच्या तपासणीत त्याच्या झाडांच्या बुंध्याशी वाळवी मारायची रासायनिक पूड निघाली, तुझ्याच डोळ्यांना दिसली. तो तुझ्या सासरकडून दीर लागतो. सगळ्यांनी मूग गिळले होते. तू सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, यंदा लहानूदादाचं एक फळ आपल्यात यायचं नाय. तो महिनोन्महिने तुझ्याशी बोलला नाही. पण त्याच साली शिमग्यानंतर टोपलीत हात घातलास आणि तुझ्या हातात त्याची चंची आली. तो म्हणाला, "माझा माल घेनार नाय तर पानी कशाला नासतेस?" तू हंडा उचललास आणि त्याच्या एकूणएक झाडाला घालून आलीस. मी खालून बघत होते. त्याच्या बायकोने तुला पाणी विचारलं आणि त्याने तिला आत हाकललं.

आणि फोटोचं भांडण. ते तर आपण मिटवलंच नाही. मुंबईच्या त्या कॉफीवाल्या कंपनीला पाकिटावर तुझा फोटो हवा होता. मी म्हटलं, दे ना, काय बिघडतं, लोकांना बघायचं असतं कोण पिकवतं ते. तू म्हणालीस, "मी एकटी पिकवते का? नि हसरा फोटो पायजे म्हने. माल खराब निघाला तर रडका लावनार का?" मी चिडले. तू पाड्याच्या फायद्याचं बघत नाहीस म्हटलं. तू म्हणालीस, तुम्ही बघा फायद्याचं, मी नेमाचं बघते. यावर माझ्याकडे उत्तर होतं, फक्त तेव्हा सुचलं नाही. सुचलं तेव्हा तू दमलेली होतीस.

हो, दमलेली. मला दिसत होतं, कमळ. दिवाळीनंतर तुझी कोपरं दिसायला लागली होती. मी विचारलं, काय गं, वाळलीस. म्हणालीस, ऊन वाढलंय. हिवाळ्यात! शेडवर यायचीस, पोती न्यायला आले म्हणायचीस आणि पोती न घेताच जायचीस. शेवटच्या खेपेला गोणपाटावर आडवी झालीस आणि झोपलीस, ड्रमचा एवढा खडखडाट चालू असताना. उठल्यावर नुसतं पाणी मागितलंस. चमचा तिथेच बेसिनपाशी विसरलीस. उल्हासनगरच्या हॉस्पिटलातून येत होतीस, हे मला कुणी सांगितलं? तू गेल्यावर तुझ्या नवऱ्याने, देवरामभाऊने. पोटातल्या गाठीचं तुम्हा दोघांना दिवाळीपासून माहीत होतं. मी तुझ्यासाठी डॉक्टर शोधले असते, धावपळ केली असती, तुझ्यापुढे बसून रडले असते. बहुतेक म्हणूनच नाही सांगितलंस. पण ते ठरवणारी तू कोण?

आता मुख्य भांडण.

शिमगा अजून लांब होता. मी नवी पाकिटं दाखवायला पाड्यावर येत होते. खालच्या वळणावरून वर बघितलं आणि थांबले. सगळा उतार नेहमीसारखा, कळ्या मिटलेल्या, पाण्याची वाट बघत. आणि तुझ्या घरापुढची झाडं पांढरीशुभ्र. वाऱ्याबरोबर मोगऱ्यासारखा वास खालपर्यंत येत होता. आजूबाजूला एकही झाड उमललेलं नाही, म्हणजे त्या फुलांना फळ धरणार नाही, हे कुणीही सांगितलं असतं. मला राग आला तो फळांसाठी नाही. आभाळातून पडलं नव्हतं ते पाणी, नेम मोडून कुणीतरी घातलं होतं.

जांभळीखाली सगळे जमले होतेच. तू दाराच्या खांबाला टेकून बसली होतीस, त्या उन्हात अंगावर शाल. देवरामभाऊ तुझ्या मागे, नेहमीसारखा जमिनीकडे बघत. लहानूदादा म्हणाला, "अध्यक्षीनबाई, ही फुलं कुठल्या ढगानं आनली?" लोक हसले.

तू म्हणालीस, "मी घातलं पानी."

"का?"

"वाटलं. घातलं. दंड हाय ना आपल्यात? आमच्या घराची वस्तू यंदा टोपलीत नाय पडायची. संपलं."

"दंड-बिंड नको," लहानूदादा म्हणाला. "अध्यक्षीन आपल्या झाडाला घालते, तर यंदा आमी पन आपापल्या झाडाला घालू. काय रे?" आणि तीन-चार माना हलल्या. मला पुढचं सगळं दिसलं. पुन्हा या घरी आज फूल, त्या घरी आठवड्याने, कुणालाच फळ नाही, माल नाही, शिक्का राहिला तरी कशावर लावायचा? इतक्या वर्षांची मेहनत एका शिमग्यात पाण्यात जाणार. मी तुझ्याकडे बघितलं. लहानूचं वाक्य संपायच्या आत त्याला गप्प करणारी तू, गप्प बसली होतीस.

मी सगळ्यांदेखत म्हटलं, कमळ, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे मी आजही मागे घेत नाही. जे दिसत होतं त्यावर ते बरोबर होतं. तू मान डोलावलीस. निघताना तुझ्याजवळून गेले, वाटलं काहीतरी सांगशील. तू म्हणालीस, "बाई, उतरताना उजवीकडून जा. डावीकडं खाजकुयली सुटलीय."

एवढंच. आपलं शेवटचं बोलणं खाजकुयलीवर झालं. मी रागाने मुद्दाम डावीकडून उतरले आणि दोन दिवस हातपाय खाजवत बसले.

होळीच्या थोडंच आधी तू गेलीस. देवरामभाऊने कधी नव्हे तो फोन केला. मी आले, तुला पोहोचवलं, पाड्यावर बसले. माझ्या पर्समध्ये तुझा चमचा होता, तो देवरामभाऊला द्यायला आणलेला, आणि मी तो तसाच परत नेला. कुणाला देऊ, कसा देऊ, कळेना. मग कंपनीतल्या मुलीचा मेसेज आला, फार वाईट वाटलं, आता तरी कमळताईंचा फोटो पाकिटावर घेऊ या का, श्रद्धांजली म्हणून. मी लिहिलं, तिने नाही म्हटलं होतं. त्या भांडणात तू जिंकलीस. मला हरायची सवय नाही, पण हरले.

होळी पेटली, विझली. पाण्याच्या दिवशी मी पहाटेच निघाले. माझं काही काम नव्हतं. मी पाड्यावरची नाही, माझं झाड नाही, टोपलीत माझी वस्तू कधी पडली नाही. तरी घरी थांबता येईना. गावातून जीपमध्ये बसले तेव्हा मला एकच दिसत होतं, की हंडे निघतील आणि ज्याचा त्याच्या झाडाकडे जाईल.

आणि तसंच चाललं होतं. माणसं टाकीपाशी आली होती, हंडे होते, कळशा होत्या. कुणाच्याच हातात खुरपं नाही, बांगडी नाही. लहानूदादा बाजूला उभा होता. टोपली तुझ्या घरात होती. ती बाहेर कोण आणणार हाही प्रश्नच होता.

आणली देवरामभाऊने. दोन्ही हातांनी धरून, भरलेली असल्यासारखी. जांभळीखाली ठेवली, वर फडकं टाकलं आणि तिथेच उभा राहिला. मी त्या माणसाला सभेत कधी बोलताना ऐकलेलं नाही. तू म्हणायचीस, माझा नवरा बोलत नाय म्हनून संसार झाला. तो बोलला. जमिनीकडे बघूनच बोलला.

"तिनं नाय घातलं पानी. मी घातलं."

कुणीतरी हातातला हंडा खाली ठेवला.

"डाक्तर बोलला व्हता, शिमगा बघंल का नाय सांगता येत नाय. मला वाटलं, फुलं तरी बघून जाऊ दे. पहाटेचं एकेक हंडा आनायचो. ती झोपेत असायची. फुलली तवा तिला कळलं. लय शिव्या दिल्या मला. बोलली, अख्ख्या पाड्याचा नेम मोडलास. मी बोललो, सभेत सांगतो. तर शपथ घातली. बोलली, दुखन्याचं कळलं तर लोकं दया करतील, दंड सोडतील, नि एकदा दयेनं सोडला का मंग नेम ऱ्हात नाय. माझ्या नावावर घेते, दंड भरू, मिटंल." त्याने टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि तो म्हणाला, "शिव्या देऊन झाल्यावर बोलली, दार उघडं ठेव."

तर हे असं. आता सांग. तू खोटं बोललीस, कमळ. आणि खोटं बोलूनही तुझा अंदाज चुकलाच. तुला वाटलं दंड भरला की मिटेल, आणि त्यानेच नेम मोडायची पाळी आली. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, लोक दया करतात तसे लाजतातही, जरा विश्वास ठेव. पण विचारलं नाहीस. तू शाल गुंडाळून बसलीस आणि माझं बोलणं ऐकून घेतलंस. मी बरोबर होते आणि तूही तुझ्या जागी बरोबर होतीस, आणि त्यामुळेच मला झोप लागत नाही. दोघींतली एक तरी सरळ चुकलेली असती तर मी केव्हाच रडून मोकळी झाले असते.

जांभळीखाली लहानूदादाने कमरेची चंची काढली. तीतला तंबाखू हातावर ओतून घेतला, तोंडात टाकला आणि मोकळी चंची टोपलीत टाकली. त्याच्यामागून बाकीचे. एकेकजण घरी पळाला, कुणी खुरपं आणलं, कुणी फणी. शेजारच्या मुलीने हातातली बांगडी तिथेच काढली. देवरामभाऊने काही टाकलं नाही. कुणीतरी म्हणालं, भाऊ, तुमची? तो म्हणाला, "आमचं घर दंडात हाय. तिनं कबूल केलाय."

माझा हात आधी गेला, विचार मागून आला. पर्स उघडली आणि चमचा टोपलीत टाकला. खुरप्यावर पडून तो खणकन वाजला. मला तो हक्क नव्हता. दंड होता, नेम होता आणि मी पाड्याची कुणी नव्हते. मी वाट बघत होते कुणीतरी म्हणेल, बाई, काढा तो. सगळे लहानूदादाकडे बघायला लागले, कारण एवढ्या वर्षांत नेमावर बोट ठेवायचं काम तुझ्याखालोखाल त्यानेच केलेलं. तो म्हणाला, "मी पैला काडतो."

त्याने फडक्याखाली हात घातला. कमळ, त्याचा हात फार वेळ आत होता. खुरपं, फणी, बांगडी यांच्यात एक गोल चमचा ओळखायला काय लागतं? तू असतीस तर ओरडली असतीस, "चाचपायचं नाय, भावजी." कुणीच ओरडलं नाही. हात बाहेर आला तेव्हा त्यात तुझा चमचा होता.

तो हंडा भरायला निघाला. मला राहवलं नाही, मी त्याच्या मागे गेले. म्हटलं, लहानूदादा, तिची झाडं फुलून गेलीत. तिथे आता फूल नाही यायचं.

"ठावं हाय."

"मग चमचा? फूल आल्यावर परत करायचा नेम आहे ना?"

"फूल येईल तवा देईन," तो म्हणाला. चमचा कमरेला खोचला, हंडा खांद्यावर घेतला आणि चढाला लागला. मी खालून बघत राहिले. देवरामभाऊ दुसऱ्या कुणाच्या तरी झाडांकडे गेला होता, घरी कोणी नव्हतं. तुझं दार उघडंच होतं. लहानूदादाने दारासमोरच्या पहिल्या झाडापाशी हंडा टेकवला, श्वास घेतला आणि पाणी घातलं. अगदी बुंध्याशी, हात न आखडता. मग खाली येऊन पुन्हा भरला.

पाणी घालून आता थोडे दिवस झालेत. देवरामभाऊ फोन करतो, दोन वाक्यं बोलतो, कळ्या फुगल्यात म्हणतो. सगळ्या एकदम उमलतील का, मला माहीत नाही. मी रोज शेडवर जाते, ड्रम पेटवते, आज पहिल्यांदा त्यात कॉफी घातली. खुरपी आणि बांगड्या आपापल्या घरी जातील तेव्हा जातील. तुझा चमचा लहानूदादाकडे वर्षभर राहणार आहे. पुढच्या शिमग्यानंतर तुझ्या दारात फुलं आली की मी तो घ्यायला जाईन, उजवीकडच्या वाटेने.